उतरवलेली मोटार आणि चाकांचे कोन

कला शाखेच्या वार्षिकात मोटारीच्या चाकांवर लेख कसा, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु जुनी मोटार घेऊन तिच्या स्प्रिंगा बदलायच्या आणि ती दीड-दोन इंच खाली उतरवायची, ही हौस आता अभियांत्रिकीच्या मुलांपुरती राहिलेली नाही. कर्वेनगरात राजाराम पुलाकडून वारज्याकडे जाताना अशी एखादी गाडी हमखास दिसते. ती उभी असताना वाकून पाहावे. पुष्कळदा पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली आढळते. बाहेरून टायर नवा दिसतो, म्हणून मालक निश्चिंत असतो आणि जुलैच्या पावसात त्याच टायरवर ब्रेक मारतो. तेव्हा अशा गाडीला कोणते सुटे भाग लागतात आणि कोणते लागत नाहीत, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम तीन संज्ञा. समोरून पाहताना चाक उभ्या रेषेपासून जितके कललेले असते तो कॅम्बर. वरची बाजू आत झुकली की तो ऋण. वरून पाहताना दोन्ही चाकांची पुढची टोके जवळ आलेली असतात की फाकलेली, हे सांगतो तो टो. बाजूने पाहताना, ज्या आसाभोवती चाक वळते तो आस मागे किती कललेला आहे, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा डोळ्यांसमोर आणावा. (कॅम्बर आणि चेंबर यांत घोटाळा नको. गॅरेजात चेंबर म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे; त्याच्याकडे आपण शेवटी येऊच.)

डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला पुढे मॅकफर्सन पद्धतीची रचना होती, आणि आजच्या बहुतेक लहान गाड्यांना तीच असते. खाली एकच आर्म, वर शॉकअपची उभी नळी. मूळ उंचीवर हा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो, कधी चाकाकडे चढताही होतो. स्टिअरिंगचा टाय रॉडही त्याच्याबरोबर फिरतो, पण तो नेमका त्याच वर्तुळात फिरेल असे नाही. त्यामुळे कॅम्बर थोडा ऋण होतो आणि टो बदलतो. टो आत बदलेल की बाहेर, हे गाडीच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून ते मोजावेच लागते.

लोक दोष देतात तो कॅम्बरला, कारण तो डोळ्यांना दिसतो. खरा टायरखाऊ टो. साधा हिशेब करू. चाक सरळ दिशेपासून केवळ पाव अंश वळलेले असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे ४.४ मीटर आडवे ओढले जाते. दहा हजार किलोमीटरला ४४ किलोमीटर. टायर लवचिक असल्याने हे सगळेच घासण्यात जात नाही, पण जाते तेवढेही पुरते. आणि गंमत अशी, की पुढचा टो दुरुस्त करायला कोणताही नवा भाग लागत नाही. टाय रॉडला आटे असतातच.

म्हणून क्रम असा हवा: आधी स्प्रिंगा बसवाव्यात, काही दिवस गाडी चालवून त्या बसू द्याव्यात, मग अलाइनमेंट करून छापील आकडे मागून घ्यावेत. ‘झालं साहेब’ यावर समाधान मानू नये. टो जागेवर आल्यावर कॅम्बर उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत असेल, तर खिशाला हात घालण्याचे कारण नाही. मर्यादेबाहेर असेल, किंवा डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, तर कॅम्बर बोल्ट पाहावा. शॉकअप आणि चाकाचा नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी हा विकेंद्री बोल्ट बसतो व अंश-दीड अंशाची दुरुस्ती देतो. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो. तेव्हा टॉर्क पान्यानेच आवळावा आणि काही दिवसांनी पुन्हा तपासावा. शॉकअपच्या माथ्यावरची कॅम्बर प्लेट महाग, आणि त्यातले रबर जाऊन धातू आल्यामुळे आपल्या रस्त्यांवर खडखडाट फार. रोजच्या गाडीला ती नको, असे माझे स्पष्ट मत आहे. मागे एकसंध बीम असेल तर तेथे आटे नसतात. बीम आणि हब यांच्यामध्ये तिरकस पातळ चकती घालून टो आणि कॅम्बर सुधारतात.

आता जो भाग क्वचितच कोणी मागतो, त्याविषयी. वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते त्याला रोल सेंटर म्हणतात. तो कोठे आहे हे खालच्या आर्मच्या उतारावर ठरते. मॅकफर्सन रचनेत बॉडी ४० मिलिमीटर उतरवली, तर हा बिंदू बहुधा त्याहून अधिक खाली जातो. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांतले अंतर वाढते, म्हणजे बॉडीला कलवणारी तरफ लांब होते. गाडी बसकी झाली म्हणून वळणावर कमी कलेल, ही समजूत येथे फसते. कडक स्प्रिंग हा दोष झाकते इतकेच. उपाय म्हणजे लांब दांड्याचा बॉल जॉइंट. तो आर्मचे चाकाकडचे टोक खाली नेऊन मूळ उतार परत आणतो. मात्र त्याच्या जोडीला टाय रॉडचे टोकही तितकेच खाली न्यावे लागते. नाही तर खड्ड्यात चाक वर गेले की स्टिअरिंग न हलवता गाडी वळू पाहते. हे दोन भाग जोडीनेच घ्यावेत. चाकाच्या आत त्यांना जागा आहे का, हेही आधी पाहावे. आणि ज्या गाडीसाठी ते बनवले आहेत तिलाच ते बसवावेत; बॉल जॉइंट तुटला तर चाकच निसटते.

हे सारे जमले तरी जमिनीपासूनची उंची उरतेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व १७ मीटर त्रिज्येचा असावा. दोन चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी त्यावर असताना मधल्या भागाखालची जागा सुमारे ४.४ सेंटिमीटरने घटते. मूळ उंची १६.५ असेल आणि गाडी ४ ने उतरवली असेल, तर ८ सेंटिमीटर शिल्लक राहतात. पण गल्लीतला अरुंद, टोकदार गतिरोधक १० सेंटिमीटरचा निघाला, तर उरतात अडीच. मागे तीन मित्र बसले की तेही नाहीत, आणि मग घासतो तो चेंबर.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मूळ दिलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम असेच काटेकोरपणे लावले. आपला बदल त्यात मोडतो की नाही, हे भाग विकणाऱ्याला विचारू नये. आरटीओ कार्यालयात विचारावे, आणि तेही स्प्रिंगांचे पैसे देण्यापूर्वी.