खेळाडूची दुखापत : शरीराची आणि मनाची

खेळ म्हटला की दुखापत आलीच. आपल्या रत्नागिरीच्या जांभ्या भूमीवर ज्याचा गुडघा कधी फुटला नाही असा कबड्डीपटू विरळाच. परंतु खरचटणे वेगळे आणि महिनोन् महिने मैदानाबाहेर बसवणारी दुखापत वेगळी. अशा वेळी हाडाची व स्नायूंची काळजी घ्यायला डॉक्टर असतात. खेळाडूच्या मनाचे काय होते, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही.

मीही केली नव्हती. माझा एक वर्गमित्र चांगला चढाईपटू. एका सामन्यात चढाई करून वळताना त्याचा डावा गुडघा पिळला आणि आतले लिगामेंट तुटले. शस्त्रक्रिया झाली. नऊ महिन्यांहून अधिक काळ व्यायाम केल्यावर, पायाची ताकद तपासून डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली. तो मैदानात उतरला खरा. पण निदान रेषा कशीबशी ओलांडायची आणि परत फिरायचे, एवढेच त्याच्याकडून होई. प्रतिपक्षाच्या उजव्या कोपऱ्याकडे तर तो फिरकतही नसे. आम्ही बाहेरून ओरडत असू, “अरे, काही होत नाही, घुस!” आठवडाभरात तो मैदानावर यायचाच थांबला. “घाबरला,” असा आम्ही निकाल दिला. निकाल देणाऱ्यांत मीही होतो. पुढे मानसशास्त्राच्या अभ्यासात या विषयाचे वाचन झाले, तेव्हा आपण किती चुकलो ते कळले. म्हणून हा लेख.

दुखापतीत काय हरवते?

आपण म्हणतो, “खेळच आहे, नोकरी थोडीच गेली?” पण ज्या मुलाला गावात आणि महाविद्यालयात सारे कबड्डीपटू म्हणूनच ओळखतात, त्याचा खेळ थांबला म्हणजे त्याची ओळखच थांबते. रोजची संध्याकाळ रिकामी होते, सोबती तुटतात. ज्याने स्वतःची सारी ओळख खेळावरच उभी केलेली असते, त्याला हा धक्का अधिक बसण्याचा संभव असतो.

एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1969 साली मरणासन्न रुग्णांविषयी लिहिताना नकार, संताप, सौदा, खिन्नता आणि स्वीकार अशा पाच अवस्था सांगितल्या. पुढे अनेकांनी त्याच जखमी खेळाडूला लावल्या. मात्र प्रत्येक खेळाडू याच पायऱ्या याच क्रमाने चढतो, असे अभ्यासात दिसलेले नाही. कोणी सकाळी उमेदीने व्यायाम करतो आणि संध्याकाळी कोणाशी बोलत नाही. हे चढउतार म्हणजे दुबळेपणा नव्हे. काहीतरी मोलाचे गमावल्याचे ते दुःख असते.

थोरामोठ्यांनाही ते चुकलेले नाही. सचिन तेंडुलकर यांच्या कोपरावर 2005 च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आपल्या लहान मुलाच्या प्लास्टिकच्या बॅटनेही नीट खेळता येईना आणि आता आपले क्रिकेट संपले असे वाटू लागले, असे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ते परतले आणि 93 धावा काढल्या. त्या 93 धावा आपण लक्षात ठेवतो. प्लास्टिकच्या बॅटपुढे हतबल झालेले ते दिवस मात्र विसरतो.

भीती स्नायूंत उतरते

गुडघ्यातील हे लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंविषयी जगभर झालेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 81 टक्के खेळाडू कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परतले होते. परंतु पूर्वीच्या पातळीवर 65 टक्केच आणि स्पर्धात्मक खेळात तर 55 टक्केच. अनेकांचा गुडघा तपासणीत चांगला ठरूनही ते परतले नाहीत. यामागे इतर कारणे असतातच. पण पुन्हा तीच दुखापत होईल ही भीती त्यांतील एक प्रमुख कारण म्हणून वारंवार पुढे आली आहे.

ही भीती केवळ मनात राहत नाही. अँडरसन आणि विल्यम्स या अभ्यासकांनी 1988 साली ताण आणि दुखापत यांचा संबंध मांडला. ताण आला की स्नायू आवळतात आणि नजरेचा पल्ला आकसतो. कबड्डीच्या भाषेत सांगायचे तर, चढाईपटूचे अर्धे लक्ष स्वतःच्या गुडघ्यात अडकते. कोपरारक्षकाचा पाय त्याला उशिरा दिसतो आणि पाऊल क्षणभर अडखळते. म्हणजे ज्या दुखापतीला तो भितो, तिचीच शक्यता भीतीमुळे वाढते. अशा मुलाला “काही होत नाही” म्हणून पुढे ढकलणे हे धैर्य देणे नव्हे, धोक्यात लोटणे आहे.

विश्वास कसा परततो?

अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाची चार उगमस्थाने सांगितली : स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याचे यश पाहणे, विश्वासू माणसाचा शब्द आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यांत पहिले सर्वांत बलवान. आम्ही आमच्या मित्राला फक्त शब्द देत होतो, तेही ओरडून!

स्वतःचे यश लहान लहान पायऱ्यांनी मिळवावे लागते. आधी दुखऱ्या पायावर तोल सांभाळणे, मग संथ धावणे, मग वळणे. नंतर रिकाम्या मैदानात चढाई, पुढे एकाच कोपरारक्षकासमोर, पकड न करता. मग हलकी पकड आणि शेवटी सात जणांसमोर खरी चढाई. एक पायरी मन शांत ठेवून जमली की मगच दुसरी. प्रत्येक पायरीची नोंद वहीत ठेवली, तर खचलेल्या दिवशी ती वहीच साक्ष देते. याच्या जोडीला स्नायू क्रमाने आवळून सैल सोडण्याचा सराव, दीर्घ श्वसन आणि डोळे मिटून आपली चढाई पाहणे हेही उपयोगी पडते.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक वेदना मनाची नसते. दुखणे वाढले, सूज आली तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. तसेच झोप, भूक, बोलणे हे सारे आठवड्यामागून आठवडे हरवले असेल, तर समुपदेशकाकडे जाण्यात कसलाही कमीपणा नाही.

परतणे म्हणजे काय?

सगळेच पूर्वीच्या जागी परतू शकत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून ते कंबरेखाली अधू झाले. मुष्टियुद्धाचे दार कायमचे बंद झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत 50 मीटर पोहण्याच्या शर्यतीत 37.33 सेकंदांचा विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा खेळ बदलला. त्यांच्यातला खेळाडू तोच राहिला. प्रत्येकाला सुवर्णपदक मिळेल असे नाही. पण ‘मी फक्त चढाईपटू’ याहून आपण काही अधिक आहोत, हे जखमी खेळाडूला उमगणे हा बरे होण्याचाच भाग आहे.

आपले काम

आता आपल्याकडे वळू. “केव्हा उतरतोस?” हा प्रश्न आपण प्रेमाने विचारतो, पण दिवसातून दहा वेळा ऐकणाऱ्याला तो तगाद्यासारखा वाटतो. त्याऐवजी “आज व्यायाम कसा झाला?” एवढे विचारावे. खेळता येत नसले तरी त्याला संघाबाहेर काढू नये. प्राध्यापकांनी बुडलेल्या तासिकांबरोबर त्याच्या मनाचीही विचारपूस करावी.

आमच्या जिमखान्याच्या सरांनी माझ्या मित्राला घरून बोलावून आणले आणि गुणलेखनाच्या टेबलावर बसवले. खेळण्याचा शब्दही काढला नाही. गुण लिहिता लिहिता तो कोपरारक्षकांचे पाय न्याहाळू लागला आणि त्यांच्या चुका आम्हांला सांगू लागला. महिन्याभराने तो स्वतःहून म्हणाला, “एकट्या कोपऱ्यासमोर जरा बघू का?” मीच उजवा कोपरा झालो. पहिले काही दिवस मी त्याला शिवलोही नाही.

अजून तो सामन्यात उतरलेला नाही. पण गेल्या आठवड्यात सरावात तो सात जणांसमोर थेट उजव्या कोपऱ्याकडे आला आणि मी त्याचा घोटा पकडला. तो पडला. क्षणभर सारे मैदान गप्प झाले. त्याने गुडघ्यावरून हात फिरवला, माती झटकली आणि म्हणाला, “पकड बरी होती. पुन्हा घे.”

गुडघा बरा झाल्याचे डॉक्टरांनी आम्हांला कितीतरी आधी सांगितले होते. तो बरा झाल्याचे त्याला स्वतःला पटले ते त्या संध्याकाळी.