चांद्याहून भामरागडास

नकाशावर रस्ता म्हणजे एक तांबडी रेघ. परंतु ती कोणी व कशासाठी ओढिली, हे विचारिल्याशिवाय प्रवासाचे खरे ज्ञान होत नाही. चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपुराहून, मूल, गडचिरोली, आष्टी व आलापल्ली यांवरून भामरागडास जाणारा मार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. तिचा परकोट व जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर या चार वेशी आपल्या नित्य परिचयाच्या आहेत. खांडक्या बल्लाळशाहास येथे ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला दिसला, म्हणून त्याने हे नगर वसविले अशी आख्यायिका आहे. अशीच कथा अहमदाबादेविषयीही सांगतात; तेव्हा तिला इतिहास न मानिता नुसती मौज म्हणून ऐकावी हे बरे. १७५१ साली हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे व १८५४ साली इंग्रजांकडे गेले.

मूलच्या रस्त्यास लागताच दुतर्फा रान सुरू होते, आणि पुढे सावलीपर्यंत धानाची बांधी व तळी दिसू लागतात. ही तळी सृष्टीने दिलेली नव्हेत. जो रान तोडून तळे बांधील, त्यास त्या तळ्याखाली भिजणारी जमीन द्यावी, अशी गोंड राजांची रीत होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. चंद्रपुरातील तुकूम या वस्तीचे नाव आपण रोज घेतो, पण त्याचा अर्थ किती जणांस ठाऊक असेल?

पुढे वैनगंगा ओलांडिली की गडचिरोली जिल्हा लागतो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला. चामोर्शीजवळ थोडी वाट वाकडी करून मार्कंड्याची कोरीव देवळे अवश्य पाहावीत. तेथे वैनगंगा उत्तरवाहिनी झाली आहे.

आष्टीनंतर अहेरीचा मुलूख येतो, आणि येथे रस्त्याचा प्रश्न रक्ताशी येऊन भिडतो. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी १८५८ साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलिले. त्याच वर्षी २९ एप्रिल रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगोंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला होऊन दोन इंग्रज कामगार मारले गेले. तारेचा खांब उभा राहिला की त्यामागून सरकारचा हुकूम येतो, हे रानातल्या माणसांनी ओळखिले असावे. २१ ऑक्टोबर रोजी बाबूरावांस चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

आलापल्लीचा साग सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथील ‘वनवैभव’ हा जुन्या वृक्षांचा भाग राखून ठेविलेला असून २०१४ साली त्यास जैवविविधता वारसा स्थळ ठरविण्यात आले. वाहनातून उतरून त्या सावलीत घटकाभर उभे राहावे. या मुलखातील रस्त्यांनी आधी इमारती लाकूड बाहेर गेले. अलीकडे सुरजागडच्या टेकड्यांतील लोहखनिज मालमोटारींतून जाऊ लागले आहे. बाहेर जाणाऱ्या मालाची मोजदाद चोख असते. आत काय आले, हे विचारणारे थोडे.

आत आलेल्या गोष्टींत एक उल्लेखनीय आहे. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे माडिया लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, व डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला. त्या काळी चांगला रस्ता नव्हता. रोगी रानवाटांनी चालत येत, किंवा त्यांस बाजेवर घालून आणीत. पुढे रस्ता झाला, तरी कित्येक वर्षे पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पुराचे पाणी गेले की भामरागड जगापासून तुटत असे.

त्या भामरागडास पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या इंद्रावतीस मिळतात. आपण मागे टाकिलेली वैनगंगा वर्धेशी मिळून प्राणहिता होते व सिरोंच्यापाशी गोदावरीस जाते; इंद्रावतीही त्याच तालुक्यात, सोमनूरजवळ, गोदावरीसच मिळते.