केसांची पिशवी

परवा फोनवर तू रडलीस ती शुगरसाठी नव्हे, केसांसाठी. शुगर निघाली तेव्हा "होईल कंट्रोल, मोठ्याई" म्हणालीस. मोरीच्या जाळीत अडकलेला गुंता दिसला आणि तुझं जेवण उडालं. मी हसत नाही हो. माझंही तेच झालं होतं.

आमच्या न्हाणीत खिळ्याला एक पिशवी लटकलेली असते, आठवते ना? विंचरून झालं की कंगव्यातला गुंता बोटावर गुंडाळायचा आणि त्यात टाकायचा. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत ओरडत आली की पिशवी तिला द्यायची, एखादी वाटी-गाळणी घ्यायची. ज्या वर्षी माझी शुगर निघाली, त्या वर्षी दिवाळीला भरणारी पिशवी पोळ्यालाच भरली. भांडेवाली खूश. मी मात्र डोक्यावरचा पदर खाली येऊ देईना. त्याला आता सोळा वर्षं झाली. तीस वर्षं अंगणवाडीत दुसऱ्यांच्या लेकरांची वजनं केली, पण स्वतःच्या अंगाचा हिशोब मी त्या पिशवीपासून शिकले.

आज हातात आलेला केस आजचा नसतो. डोक्यावर लाखभर केस. त्यातले बहुतेक वाढत असतात, थोडे विसाव्याला बसलेले. रोजचे ५० ते १०० पडणारच, आणि दोन दिवसांआड डोकं धुतलं तर एकदम जास्त दिसणार. पण अंगाला मोठा धक्का बसला, टायफॉइड झाला, बाळंतपण झालं, वजन झरझर उतरलं किंवा शुगर खूप दिवस चढलेली राहिली, की बरेच केस एकदम विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम सुटतात. म्हणून शॅम्पू बदलण्याआधी कॅलेंडर काढ आणि तीन महिने मागे मोज.

तुझं मी मोजलं. चैत्रात शुगर निघाली. घाबरून तू भात सोडलास, ते समजू शकते. वरणही सोडलंस, दूध सोडलंस. कारल्याचा रस आणि काकडीवर दोन महिन्यांत सात किलो उतरलीस आणि सगळ्यांनी "वा" म्हटलं. आषाढात केस सुटले. नाव शुगरचं झालं, करणी उपासाची. २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचं आलं. शुगरनं सगळ्यांचे केस जात असते तर न्हाव्यांना दुसरा धंदा बघावा लागला असता.

तेव्हा दोन्ही वेळ वाटीभर घट्ट वरण खायचं. चणे, बरबटी, मोड आलेली मटकी. अंडं चालतं तर अंडं. आधी भाजी, मग वरण, भात शेवटी आणि मूठभर. ठेचा सोडू नकोस. मिरचीनं शुगर वाढत नाही आणि केसही जात नाहीत. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपल्याच गावच्या पोरीनं तिखट बंद करायचं, याला काय म्हणावं?

गोळ्यांचं नीट ऐक. कुणीतरी तुला सांगितलंय की शुगरच्या गोळीनं केस जातात. मलाही बाजारात एका तेलवाल्यानं तेच सांगितलं होतं. मी दोन महिने गोळी बंद केली आणि त्याचं हिरवं तेल चोळलं. रात्री चार-चारदा उठायला लागले, तोंड कोरडं, वजन घसरलं. तपासली तर उपाशीपोटीची शुगर २८०. आणि त्यानंतर जे केस गेले, ते आधीच्या दुप्पट. गोळी बंद करणं डॉक्टरचं काम, तेलवाल्याचं नाही.

एक मात्र खरं. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींच्या अंगातलं बी-१२ कमी होतं. पायाला मुंग्या येतात, थकवा येतो. म्हणून त्याची तपासणी करून घ्यायची. सोबत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड. शुगरवाल्यांत थायरॉइडचा त्रास जास्त सापडतो, आणि थायरॉइड बिघडला की केसही जाऊ शकतात. बऱ्याच बायकांचं गळणं तर रक्त कमी असल्याचं असतं. अंगणवाडीत लोहाच्या गोळ्या वाटताना मी ते रोज बघितलं. गोळ्या घरी नेऊन डब्यात ठेवणाऱ्याही बघितल्या. तुझी पाळी लांबत असेल, हनुवटीवर केस येत असतील आणि भांग रुंद होत चालला असेल तर तेही न लाजता डॉक्टरला सांग. त्याची आणि शुगरची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात.

एचबीए१सी ही रक्ततपासणी शुगरचा तीन महिन्यांचा हिशोब सांगते, म्हणून तो कागद आणि केसांचं कॅलेंडर शेजारी ठेवून बघ. पण आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ. घरात कुणाला असेल, किंवा रक्त फार कमी असेल, तर हा आकडा फसवू शकतो. डॉक्टरनं विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. शरीर स्वतःच्याच केसांवर उठतं. लहानपणापासून इन्शुलिन घेणाऱ्यांत ती जरा जास्त दिसते. डोक्यात पिकणारे फोड आले तर शुगर चढलेली असू शकते. दोन्हींना डॉक्टर, लसणाचा रस नाही.

केसांच्या महाग गोळ्या मागवल्यास म्हणे. आधी हे ऐक. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इकडे लोकांचे केस दोन-चार दिवसांत मुठीनं निघाले. विंचूदंशावर काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी नमुने तपासले आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेच सेलेनियम केसांच्या बऱ्याच गोळ्यांत असतं. थोडं लागतं, जास्त झालं की केसच नेतं. आणि बायोटिन घेत असशील तर रक्त द्यायच्या आधी लॅबवाल्याला सांग, थायरॉइडचा रिपोर्ट त्यानं चुकू शकतो. डोक्याला तेल लाव खुशाल, खोबऱ्याचं लाव. जळजळणारं काही नको. मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडून आलेल्या बायकांची बोटं रात्रभर कशी भडकतात, ते तू लहानपणी बघितलंस. तसलं डोक्यावर कोण चोळतं?

केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो. वरण सुरू केलंस की सहा महिने तरी आरशाला काही विचारू नकोस.

आता ज्यासाठी एवढं बोलले ते. डोक्याचे केस सगळे बघतात, पायाचे कुणी बघत नाही. तुझ्या धाकट्या काकूचं तुला पूर्ण माहीत नाही. त्या उन्हाळ्यात अंगणभर मिरची वाळत घातली होती. आम्ही दोघी ओट्यावर बसून तिच्या विरळ झालेल्या वेणीबद्दलच बोलत होतो. ती उठली आणि अनवाणी मिरचीतून चालत गेली. टाचेला बोट जाईल एवढी भेग, त्यात मिरचीचं बी रुतलेलं. मी ओरडले, "अगं, आग होईल!" ती म्हणाली, "कुठे? काहीच तर नाही."

मी तिचं पातळ घोट्याच्या वर सारलं. नडगी तेल चोळल्यासारखी चकचकीत, एक केस नाही. भर उन्हात बोटं माठासारखी थंड. वयानं पायाचे केस विरळ होतातच, म्हणून नुसत्या केसांवर काही ठरवू नये; पण केस गेलेले, कातडी चकचकीत, पाय गार आणि चालताना पोटरी भरून येते, एवढं एकत्र आलं तर रक्त खाली पोचत नाही असं समज. आणि आग न लागणं म्हणजे नसाही बधिर झालेल्या. डॉक्टरनं पावलावरची नाडी चाचपली आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. एक बोट गेलं, पाय वाचला.

ती वेणीचं तेल आणायला निघाली होती.

रविवारी येशील तेव्हा केसांचं नंतर बघू. आधी चप्पल काढून ओट्यावर बस आणि पाय इकडे दे.