रोपांचे पारदर्शक घर

नागपुरी संत्र्याचे झाड स्वतःच्या मुळांवर उभे नसते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. जमिनीत असतात ती मुळे जंबेरी नावाच्या एका खडबडीत सालीच्या लिंबाची. जंबेरीचे बी पेरून रोप तयार करतात. त्याचे खोड पेन्सिलीएवढे जाड झाले, की जमिनीपासून सुमारे वीतभर उंचीवर त्यात संत्र्याचा डोळा भरतात. पुढे वरचे झाड संत्र्याचे होते. खालचा खुंट मात्र जंबेरीचाच राहतो.

दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून संत्र्याची झाडे आणून नागपुरास लावली, असे सांगतात. आज विदर्भात दूरवर संत्र्याच्या बागा पसरल्या आहेत. या बागांचा एक मोठा शत्रू मातीत दडून राहतो. त्याचे नाव फायटोफ्थोरा. बुरशीसारखा हा सूक्ष्म जीव ओल्या मातीत वाढतो, मुळे कुजवतो आणि खोडातून डिंक गळावयास लावतो. शेतकरी रोपवाटिकेतून, म्हणजे पन्हेरीतून, हिरवेगार कलम विकत आणतो. त्याच्या मुळांशी असलेल्या मूठभर मातीतून हा शत्रूही कित्येकदा बागेत येतो. चार-पाच वर्षे पाणी घालून, खत घालून झाड फळावर यावे आणि नेमके तेव्हाच ते वाळू लागावे, याहून मोठे दुःख बागाइतदाराला कोणते? तेव्हा बागेची काळजी पन्हेरीतच घ्यावी लागते. तेथे जी साधने उपयोगी पडतात, त्यांत एक अगदी साधे आहे : पारदर्शक आवरण.

पारदर्शक आवरणाचा हा गुण लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या वैद्याच्या ध्यानात आला, तो योगायोगाने. त्यांना वनस्पतींचा मोठा नाद. पण शहरातील धुराने त्यांची नेच्याची रोपे टिकत नसत. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीत पुरून काचेच्या बरणीत ठेवला व वर झाकण लावले. पतंग बाहेर येण्याची वाट पाहत असता त्यांना वेगळेच दृश्य दिसले. दिवसा मातीतील पाणी वाफ होऊन काचेवर जमे आणि पुन्हा खाली उतरे; आणि त्या मातीतून नेच्याचे व गवताचे कोवळे अंकुर वर आले होते! ती रोपे पाणी न घालता सुमारे चार वर्षे जगली. पुढे १८३३ साली वॉर्ड यांनी काचेच्या दोन पेट्यांत रोपे भरून ती जहाजाने ऑस्ट्रेलियातील सिडनीस पाठविली. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे अशा प्रवासात बहुतेक रोपे मरत. ही मात्र जिवंत पोहोचली. चीनमधील चहाची रोपे पुढे हिंदुस्थानात आली, ती अशाच पेट्यांतून.

आज काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली आहे. तत्त्व मात्र तेच आहे. ऊन आवरणातून आत शिरते व माती तापविते. मातीमुळे तापलेली हवा बाहेरच्या हवेत मिसळू शकत नाही. ओलही बाहेर जात नाही. नागपुरात पौष महिन्यातील रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात, आणि थंड मातीत टोमॅटोचे बी उगवावयास फार दिवस घेते. मिठाईच्या रिकाम्या पारदर्शक डब्याच्या तळाला पाणी निथळण्यापुरती भोके पाडून त्यात माती व कुजलेले शेणखत भरले, बी पेरले आणि झाकण लावून डबा सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवला, तर ते लवकर रुजते. अंकुर वर आले, की झाकण काढावे लागते. कोंदट ओलीत कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी पडतात.

हाच डबा वैशाखाच्या उन्हात ठेवून पाहा! नागपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या वर जातो. बंद डब्यातील हवा त्याहूनही तापते, आणि थोड्याच वेळात रोपे शिजल्यासारखी होऊन माना टाकतात. थंड देशांत जे आवरण रोपांना तारते, तेच नागपूरच्या उन्हाळ्यात त्यांना मारते.

परंतु जे रोपांना मारते, ते रोपांच्या शत्रूलाही मारील. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी १९७६ साली ही युक्ती जगापुढे मांडली. पन्हेरीची माती भर उन्हाळ्यात भुसभुशीत करून पाण्याने भिजवितात, तिच्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवितात आणि कडा मातीत गाडून टाकतात. चार ते सहा आठवडे माती अशी तापत राहते. कागद काळा घेतला, तर अधिक ताप मिळेल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. काळा कागद ऊन स्वतःच शोषून घेतो. पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो. माती ओली हवी, कारण ओल्या मातीतून उष्णता खोलवर उतरते. विदर्भाचे ऊन, ज्याला सारेच नावे ठेवतात, येथे फुकटचे औषध ठरते. नागपुरास १९८५ साली स्थापन झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेने रोपवाटिकांसाठी ही रीत सांगितली आहे.

अशा शुद्ध केलेल्या मातीत, प्लॅस्टिकच्या तबकांत, जंबेरीचे ताजे बी पेरतात. वाळलेले बी नीट उगवत नाही. एका बीतून कधी कधी दोन-तीन अंकुर निघतात. त्यांतील बहुतेक आईच्याच गुणांचे असतात. जे खुजे किंवा वेगळ्या पानांचे दिसतात, ते काढून टाकतात. रोपे थोडी मोठी झाली, की त्यांना पिशव्यांत हलवितात. या पिशव्या मात्र काळ्या असतात. पानांना उजेड हवा, मुळांना अंधार. आणि पारदर्शक पिशवीत मातीच्या कडेने हिरवे शेवाळ धरते.

डोळा भरलेले कलम बागेत लावताना संत्रा आणि जंबेरी यांचा सांधा मातीच्या वरच ठेवतात. फायटोफ्थोराला संत्र्याचे खोड बळी पडू शकते, आणि बागेची माती तर कोणी कागदाखाली तापविलेली नसते.