कामशेतला उडायला जाताना

शनिवारी पहाटे पनवेल सोडायचं, कामशेतला एक उड्डाण करायचं, लोणावळ्यात जेवून चिक्की घ्यायची आणि रात्री घरी. पाऊस सरला की पनवेल, कामोठे, खारघरच्या कितीतरी घरांत हा बेत ठरतो. अंतर साठ-पासष्ट किलोमीटर, वाटेत बोरघाट. बहुतेक निरोगी माणसांना हे सहज झेपतं. धोका वाढतो तो घाईमुळे. रात्री अपुरी झोप, सकाळी उपाशी पोट, घाटात वाहतूक कोंडी आणि ‘आजच उडायचं, उद्या वेळ नाही’ हा हट्ट, हे सगळं एकत्र आलं की शरीर आणि वारा दोघांच्या सूचना कानाआड होतात.

चौकशी करताना बरेच जण ‘हँग ग्लायडिंग’ म्हणतात. मावळात पर्यटकांना मिळतं ते टँडम पॅराग्लायडिंग. हँग ग्लायडरला धातूची चौकट असते आणि माणूस पालथा लटकतो, त्यामुळे मान सतत उचललेली राहते. पॅराग्लायडरच्या कापडी पंखाखाली प्रवासी पायलटच्या पुढे बसतो, म्हणून उतरताना आदळलं तर भार घोट्यांवर आणि कमरेच्या मणक्यांवर येतो. मानदुखीच्या रुग्णाने पहिल्यापासून जपावं, कंबर आणि गुडघ्याच्या रुग्णाने दुसऱ्यापासून.

हवेतली मिनिटं प्रवाशासाठी बहुधा सुखाची असतात. इजा होते ती जमिनीजवळ, म्हणजे टेकडीवरून धावताना आणि उतरताना. पंख डोक्यावर आला की पायलट ‘धावा, धावा’ म्हणतो. नवखा माणूस दोन पावलं टाकतो आणि पाय सुटायच्या आधीच हार्नेसमध्ये बसकण मारतो. तिथे दोघंही घसरतात. म्हणून पायाखालची जमीन सुटेपर्यंत धावत राहायचं. उतरताना पाय खाली घ्यायचे की उचलून धरायचे, हे पायलट सांगेल तसंच करायचं. घोट्याला आधार देणारे बूट, हेल्मेट आणि दोरीने बांधलेला चष्मा हवा. ओढणी घरी ठेवलेली बरी.

पट्ट्यांबद्दल भीड बाळगू नये. छातीचा एक आणि दोन्ही मांड्यांचे दोन असे पट्टे अडकले आहेत ना, हे पायलटला मोठ्याने विचारावं आणि त्याने हात लावून तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुल्लूजवळच्या डोभी इथे तेलंगणातून आलेली पर्यटक महिला उड्डाणात पडून मरण पावली. तिचा पट्टा नीट तपासला गेला नव्हता, असं प्राथमिक चौकशीत पुढे आलं. जानेवारी २०२५ मध्ये गोव्यातल्या केरी पठारावर पुण्याची तरुणी आणि तिचा पायलट दोघंही दगावले, आणि कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा व्यावसायिकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. आगाऊ पैसे भरण्याआधी ती नोंदणी आणि पायलटचा टँडमचा परवाना पाहायला मागावा. आपल्या विम्यात साहसी खेळ वगळलेले आहेत का, तेही वाचावं. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात.

आता पोटाकडे. ज्यांना घाटात गाडी लागते, त्यांना हवेतही मळमळण्याची शक्यता जास्त. पळस्पे फाट्यावर तर्रीदार मिसळ चापून लगेच उडायला जाणं चुकीचं, आणि कडकडीत उपाशी जाणंही चुकीचं. दीड-दोन तास आधी दोन इडल्या किंवा थोडे पोहे, वर घोटघोट पाणी, एवढं पुरे. प्रवासाच्या मळमळीवरची प्रोमेथाझिनची गोळी चांगलीच गुंगी आणते, मग धावायला आणि पायलटचं ऐकायला तरतरी उरत नाही. ती आयत्या वेळी पहिल्यांदाच घेऊ नये. आदल्या रात्री बंगल्यावर दारू झाली असेल, तर सकाळचं उड्डाण रद्द करावं.

मधुमेही वाचकांनी पुढचा भाग नीट वाचावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी सहाला घेतली, नाश्ता निसटता झाला आणि टेकडीवर वाऱ्याची वाट पाहण्यात अकरा वाजले, तर साखर खाली येते. हात थरथरतात, गार घाम फुटतो, छाती धडधडते. शेजारी उभे असलेले म्हणतात, ‘घाबरलाय बिचारा.’ भीतीचीही लक्षणं हीच असल्याने चूक होणं सोपं. म्हणून ग्लुकोमीटर टेकडीवर सोबत असावा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. चिक्कीतल्या शेंगदाण्याच्या तेलामुळे साखर रक्तात हळू उतरते, म्हणून चिक्की नंतर खावी. त्या दिवशी उड्डाण टाळलेलंच बरं.

रक्तदाबाची गोळी चुकवू नये. वाढलेला दाब आटोक्यात नसेल, नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल किंवा दोन जिने चढताना छातीत भरून येत असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारावं. गरोदर स्त्रिया आणि फिट येणारे रुग्ण यांनी उडूच नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साधी पडझडही डोक्यात रक्तस्राव करू शकते. साठीपुढच्या स्त्रियांनी हाडांची घनता माहीत नसताना केवळ नातवंडांच्या आग्रहाखातर हो म्हणू नये.

दोन गोष्टी मात्र लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. पनवेल समुद्रसपाटीलगत, कामशेत सहाशे मीटरच्या आसपास आणि टेकडी त्याहून उंच. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत आत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. अशा रुग्णाने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय घाटसुद्धा चढू नये. दुसरी गोष्ट सुट्टी जोडून घेणाऱ्यांसाठी. तारकर्लीला स्कूबा करून लगेच कामशेत गाठू नये. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. मध्ये पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा.

वेळापत्रक सैल ठेवलं की यातली निम्मी काळजी मिटते. शनिवारी रात्री तिथेच मुक्काम करावा म्हणजे रविवारची सकाळ राखीव राहते. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळते, म्हणून सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची वेळ मागावी. पायलट ‘आज नाही’ म्हणाला तर हुज्जत न घालता कार्ल्याची लेणी पाहून परत यावं.

उतरताना जोरात आदळून कंबरेत कळ आली, पाय बधिर वाटले, तर त्या माणसाला उठवून गाडीत बसवू नये. आडवंच ठेवून १०८ ला फोन करावा. डोक्याला मार लागल्यावर उलट्या किंवा गुंगी सुरू झाली, तर त्याच दिवशी सीटी स्कॅन हवा. आणि घरी आल्यावर ‘उसण भरली’ म्हणून आठवडाभर बाम चोळत बसलेल्या आई-वडिलांचा मणक्याचा एक्स-रे जरूर काढून घ्यावा. दबलेला मणका पहिल्या दिवशी अनेकदा केवळ लचक वाटतो.