ऐकू येणे आणि ऐकून घेणे
कानावर शब्द पडणे म्हणजे श्रवण नव्हे. गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे राष्ट्रीय महामार्गावरील चौकाचे गाव घ्या. येथील चहाच्या टपरीवर झाडीबोली, हिंदी आणि प्रमाण मराठी एकाच वेळी ऐकू येतात. झाडीबोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ उच्चारला जातो. ‘बांधीत पानी नाही’ असे शेतकरी सांगतो, तेव्हा बाहेरगावचा श्रोता पुष्कळदा ‘पानी’पाशीच अडतो. मनातल्या मनात तो शब्द शुद्ध करतो आणि धान वाळत असल्याची वार्ता मात्र त्याच्याकडून निसटते. हा दोष सुशिक्षितांत अधिक आढळतो, हे मान्य करावे लागेल.

कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे रस्ता जातो. तेथे वनाधिकारी असताना मारुती चितमपल्ली यांनी याउलट केले. ते मूळचे सोलापूरचे. झाडीपट्टीतील जाणत्या माणसांकडून त्यांनी पशुपक्ष्यांची स्थानिक नावे आणि सवयी ऐकल्या, टिपून ठेवल्या. पुढे ‘पक्षिकोश’ रचणाऱ्या या लेखकाला उच्चार सुधारायचे नव्हते; त्याला जाणून घ्यायचे होते.

कृती : आज घरातील एका व्यक्तीचे बोलणे मध्ये न थांबवता पाच मिनिटे ऐका. आपण मनात उत्तर केव्हा जुळवू लागलात, ते नोंदवा.