परदेशी नियंत्रक आपल्या विजेवर वापरताना

परदेशी राहणारे नातेवाईक सुटीवर येताना ठिबकचा टायमर, हरितगृहाचा थर्मोस्टॅट किंवा ब्रूडरचे नियंत्रक घेऊन येतात. वस्तू चांगली असते. पण पिन बदलून थेट बोर्डात लावल्यास ती क्षणात जळू शकते. त्यामुळे जोडणीपूर्वी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

दोन्हीकडच्या विजेतील फरक

आपल्याकडे सिंगल फेजचा दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्झ असते. अमेरिकेत घरगुती प्लगवर १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ वीज मिळते. युरोप व इस्रायलमध्ये वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. तेथील उपकरणांचा बहुधा फक्त प्लगच बदलावा लागतो.

दाब दुप्पट झाला की उष्णता दुपटीवर थांबत नाही. १२० व्होल्टचा हीटर २३० व्होल्टवर लावल्यास तो साडेतीन पटींहून अधिक वीज ओढतो.

प्रथम नामपट्टी वाचावी

१. ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिले असल्यास उपकरण आपल्याकडे चालते. फक्त योग्य प्लग लावावा.

२. ‘१२० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असल्यास दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आवश्यक आहे. त्याची क्षमता उपकरणाच्या भाराच्या किमान सव्वापट असावी. १०० व्हीए भारासाठी १२५ व्हीए किंवा त्याहून मोठा घ्यावा.

३. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच असल्यास जास्त सावध राहावे. ट्रान्सफॉर्मर दाब उतरवितो, वारंवारता बदलत नाही.

टायमर का चुकतो?

जुन्या पद्धतीच्या तबकडीच्या टायमरमधील छोटी मोटर विजेच्या वारंवारतेप्रमाणे फिरते. ६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर पाच-षष्ठांश गतीने चालते. त्यामुळे २४ तासांचा फेरा २८ तास ४८ मिनिटांत पुरा होतो.

समजा, रोपवाटिकेतील फॉगर पहिल्या दिवशी सकाळी ६ वाजता सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तो १० वाजून ४८ मिनिटांनी, तिसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी आणि चौथ्या दिवशी रात्री ८ वाजून २४ मिनिटांनी सुरू होईल. पाचव्या दिवशी तर तो सुरूच होणार नाही! मधे वीज गेली तर घोळ आणखी वाढेल. टायमर जळालेला नसतो, त्यामुळे संशय येत नाही. कलमे मात्र सुकतात. अशा वेळी ५० हर्ट्झचा टायमर घ्यावा.

काँटॅक्टरच्या कॉइलचेही असेच आहे. केवळ ६० हर्ट्झसाठी केलेली कॉइल ५० हर्ट्झवर जास्त प्रवाह ओढते, तापते व कालांतराने जळते. तिच्या जागी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची कॉइल बसवावी.

ठिबकचे नियंत्रक

सिंचनाची अनेक नियंत्रके व सोलेनॉइड व्हॉल्व्ह २४ व्होल्ट ए.सी.वर चालतात. १२० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर वेगळा असल्यास तेवढाच बदलून २३० ते २४ व्होल्टचा, तितक्याच किंवा अधिक क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावावा. ए.सी.च्या जागी डी.सी. देऊ नये.

महत्त्वाच्या सूचना

• पंपाचा भार टायमरवरून थेट नेऊ नये. टायमरने फक्त स्टार्टरच्या काँटॅक्टरची कॉइल चालवावी.
• थ्री फेजच्या दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो; तेथे २३० व्होल्टचे नियंत्रक जोडू नये.
• १२५ व्होल्टची स्विचे व सॉकेट २३० व्होल्टवर वापरू नयेत.
• अमेरिकन थर्मोस्टॅट फॅरनहाइटमध्ये असू शकतो. ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सिअस.
• अर्थिंग व गळतीरोधक स्विच असावेतच. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

नवे नियंत्रक पहिले दोन-तीन दिवस घड्याळ व थर्मामीटर लावून तपासावे, आणि मगच रोपे व पिल्ले त्याच्या भरवशावर सोडावीत.